खोटा दाणा

“‘सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास मोबाईल बघू नये.’ बरं. ‘चहा बसून, चव घेत प्यावा.’ बरं. ‘झोपण्याआधी उद्याची तीन कामं कागदावर लिहावीत.’ ‘रोज एक तरी वस्तू तिच्या जागेवर ठेवावी.’ ‘दिवसातून एकदा, काहीही न करता, दहा मिनिटं बसावं.’” मामांनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि विचारलं, “हे लिहायचे पैसे देतात?”

“देतात. थोडे.”

“मग लिही. पैसे मिळत असतील तर लिही, बाई.”

जानेवारीतली दुपार. अंकुशनगरला मामांच्या ओसरीवर आम्ही सोलाणे सोलत बसलो होतो. एका मासिकानं रोजच्या जगण्यातल्या छोट्या, बिनकष्टाच्या सवयींवर लेख मागितला होता. पुण्यात बसून यादी तासाभरात झाली, लेख मात्र आठवडाभर होईना. तो इथे होईल असं का वाटलं, सांगता येत नाही. संभाजीनगरहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की आधी मोसंबीच्या बागा दिसतात, मग ऊस सुरू होतो, आणि ऊस दिसला की माझा जीव थोडा खाली बसतो. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीला याच रस्त्यानं यायचो, त्याचा परिणाम असेल. वडीगोद्रीला मामा मोटारसायकल घेऊन उभे होते. गाळप भरात होतं. हवेत तो गोडसर, किंचित आंबूस वास होता. कारखान्याच्या गावातल्या माणसाला हा वास येतच नाही आणि पाहुण्याला पहिल्या रात्री झोप येत नाही.

अंकुशनगर म्हटलं की आधी कारखाना, मग गाव. अंबड तालुक्यातल्या महाकाळ्याची ही जागा अंकुशराव टोपे यांच्या नावानं ओळखली जाते, आणि कारखान्याच्या नावातला ‘समर्थ’ घनसावंगी तालुक्यातल्या, समर्थ रामदासांच्या जांबेची आठवण देतो. या भागाला पाणी जायकवाडीचं. पैठणहून निघणारा डावा कालवा 208 किलोमीटर जातो, अंबड-घनसावंगीतून पुढे परभणीकडे. त्यामुळे इथला दिवस कारखान्याच्या पाळीवर ठरतो, नाहीतर कालव्याच्या आवर्तनावर, नाहीतर शेतीची लाइट कधी येते त्यावर. भिंतीवरच्या घड्याळाचा नंबर त्यानंतर.

मामांचं म्हणणंही नेमकं तेच होतं.

“तुझ्या यादीत एक गोष्ट धरून चाललेली आहे,” ते म्हणाले. “की माणसाकडे त्याचा स्वतःचा दिवस असतो. मग त्या दिवसात त्यानं काय ठेवायचं, काय काढायचं. दिवसच त्याचा नसेल तर?”

मामांनी मराठवाड्यातल्या दोन कारखान्यांत मिळून 34 वर्षं साखरेच्या पॅनवर काढली. साखर कारखान्यात पाळ्या पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ, आठ ते पहाटे चार अशा चालतात. आठवडा बदलला की पाळी बदलते. म्हणजे ‘सकाळी उठल्यावर’ या शब्दाचा अर्थच दर आठवड्याला वेगळा.

“रात्रपाळीहून पहाटे आलो की मी जेवायचो. तुझी मामी तेव्हा चूल पेटवत असायची. तिची सकाळ, माझी रात्र. आता यातली कुठली वेळ ‘पहिला अर्धा तास’?”

“पण मामा, म्हणूनच तर छोट्या सवयी. दिवस हातात नसतो हे मान्य. दोन मिनिटं तर असतात? मी काही योगासनं करा म्हणत नाही. पहाटे पाचला उठून थंड पाण्यानं अंघोळ करा असंही नाही.”

“तशी अंघोळ ऊसतोडीवाले करतात. त्यांना कुणी पुस्तक लिहायला सांगत नाही.”

मी सोलाणे तोंडात टाकले. मामांशी वाद घालताना तोंडात काहीतरी असलेलं बरं, उत्तर द्यायला जरा उशीर होतो.

“एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात,” त्यांनी विचारलं. “तुझ्या कागदावर ते काहून नाही?”

हा प्रश्न मला हवाच होता. एकवीस दिवसांची गोष्ट आली कुठून, तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. नाक, चेहरा बदलून घेतलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण एकवीस दिवस तरी लागतात, असं त्याच्या पाहण्यात आलं आणि 1960 साली आलेल्या पुस्तकात त्यानं ते लिहिलं. पुढे त्यातलं ‘तरी’ गळालं, चेहराही गळाला, आणि उरले नुसते एकवीस दिवस. खरी मोजणी झाली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे पाहिलं. प्रत्येकानं एकच साधी गोष्ट निवडलेली होती: जेवणाबरोबर पाणी पिणं, जेवणाआधी थोडं पळणं, अशी. विचार न करता ती गोष्ट हातून व्हायला सरासरी 66 दिवस लागतात, असं त्यांना दिसलं. पण कुणाचा हिशेब 18 दिवसांचा निघाला, कुणाचा 254.

“छासष्ट,” मामा म्हणाले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे अर्धा हंगाम. हे पटतं. नवीन पोरगं पॅनवर आलं की अर्धा हंगाम त्याला काही कळत नाही. मग एक दिवस त्याचा हात आपोआप व्हॉल्व्हकडे जातो. आणि 254 वाला कोण होता?”

“माहीत नाही.”

“तो माझ्यासारखा असणार.”

“अजून एक निघालं त्यात. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही.”

“हे मात्र लिही,” मामा म्हणाले. “मोठ्या अक्षरात लिही. आपल्याकडे उपास मोडला की लोक दिवसभर खातात.”

एवढ्यात मामी आतून बाहेर आल्या. परातीत पीठ होतं, हात पिठाचे. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, “त्या यादीत चहाचं काय आहे गं?”

“बसून, चव घेत प्यावा.”

“आणि करायचा कुणी?”

त्या आत गेल्या. मामा हसले आणि मीही. खरं तर दोघांनीही हसायला नको होतं, हे दोघांनाही कळलं असावं, कारण मग थोडा वेळ कुणी बोललं नाही.

शांततेवर लिहिलेल्या बहुतेक लेखनात हा ‘कुणी’ नसतो. कुणीतरी पलंगाशेजारून मोबाईल हलवतं, कुणीतरी टेबल रिकामं ठेवतं, कुणीतरी सकाळच्या उन्हात कप धरून बसतं. त्या सगळ्यांच्या मागे एक स्वयंपाकघर असतं आणि ते सहसा वाचकाला दाखवत नाहीत. मी माझी यादी पुन्हा पाहिली. पाचातल्या तीन गोष्टी अशा होत्या, की त्या मी केल्या तर माझं एखादं काम दुसऱ्या कुणाकडे तरी सरकणार होतं.

तरी मी हार मानली नव्हती. मी मामांना स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांची गोष्ट सांगितली. सवय लावायची तर ती हास्यास्पद वाटेल इतकी लहान करा, असं हे फॉग सांगतात. दातांत दोरा फिरवायची सवय हवी असेल तर एकाच दातापासून सुरुवात करा.

“एक दात? माझ्यासाठी ते पूर्ण झालं की!”

“ऐका तरी. दुसरं असं, की ती नव्या वेळेला लावायची नाही. रोज होणारच आहे अशा एखाद्या गोष्टीला बांधायची. दात घासून झाले की हे. दाराला कडी लावली की ते.”

मामांचे हात थांबले. शेवटचा घाटा तसाच बोटांत राहिला.

“हे कुणी सांगितलं म्हणालीस?”

“फॉग. स्टॅनफर्डचे.”

“तो पॅनवर होता का?”

मग मामांनी मला साखर कशी होते ते सांगितलं. 34 वर्षांत पहिल्यांदा, कारण कुणी विचारलंच नव्हतं. कारखान्यातल्या नातेवाइकाला आपण फक्त साखरेचा भाव विचारतो.

उसाचा रस तापवून, निवळवून, आटवून त्याचा पाक होतो. पाक पॅनमध्ये घेतात. पॅन म्हणजे पातेलं नव्हे, दोन मजली घराएवढं बंद भांडं. आतली हवा ओढून घेतलेली असते, म्हणून पाक शंभर अंशांऐवजी 65-70 अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर जळत नाही. पाक पुरेसा घट्ट झाला की त्यात बी टाकतात: साखरेचीच अगदी बारीक भुकटी. त्या प्रत्येक कणावर साखर चढत जाते आणि दाणा मोठा होतो. पुढचे तीन-चार तास पॅनमननं काय करायचं? दर थोड्या वेळानं प्रूफ स्टिक घालून नमुना काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडात धरायचा, बोटांनी चोळून पाहायचा.

“आणि बघायचं काय?” मी विचारलं.

“खोटा दाणा पडला का ते.” मामा पुढे सरकून बसले. “पाक जरा जास्त घट्ट झाला, घाई झाली, की आधीचे दाणे राहतात बाजूला आणि पाकात आपोआप नवे बारीक दाणे धरायला लागतात. धुरळा. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. साखर तीही असते, पण ती धड वाढत नाही, आणि पुढे मशिनमध्ये मळी सुटूही देत नाही. सगळं घाण करून ठेवते. म्हणून पॅनमनचं काम नवा दाणा पाडणं हे नाहीच. आहे तो दाणा वाढवायचा आणि नवा पडू द्यायचा नाही. पाक इतकाही पातळ नको की आहे ते विरघळेल, इतकाही घट्ट नको की नवं धरेल. त्या दोघांच्या मधल्या एवढ्याशा जागेत चार तास काढायचे.”

“आणि पडलाच खोटा दाणा तर?”

“पाणी घालायचं. धुवून टाकायचा. वेळ जातो, वाफ जाते, शिफ्ट इनचार्ज ओरडतो. पण धुवावा लागतो.” त्यांनी माझा कागद पुन्हा उघडला. “तुझ्या यादीत पाच खोटे दाणे आहेत. पाचही साखरच, नाही असं नाही. पण एकदम टाकलेत. दोन आठवड्यांनी बघ, एकही वाढलेला नसेल.”

ही तुलना मला आवडली आणि त्याच क्षणी तिचा थोडा रागही आला. कारण माझ्याच बाजूचा पुरावा मामांनी त्यांच्या बाजूला नेला होता. फॉग म्हणतात तेच ते म्हणत होते: आहे त्याला धरून वाढवा. फक्त फॉगचा माणूस सवय निवडतो, मामांचा माणूस ती ओळखतो. ती आधीपासून कुठेतरी असते.

“मग तुमचा दाणा कुठला होता?”

“काच पुसणं,” ते लगेच म्हणाले. जणू उत्तर तयारच होतं. “नमुना पाहून झाला की मी काच स्वच्छ पुसायचो. बाकीचे झटकायचे, पँटीला घासायचे. मी फडक्यानं, दोन्ही बाजूंनी. तेवढा वेळ डोक्यात काही नसायचं. कर्ज नाही, पोरांची फी नाही. पाळी कुठलीही असो, काच होतीच. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा.”

“हीच तर छोटी सवय!”

“नाही बाई. ते काम होतं. काच घाण असली तर दाणा दिसत नाही. शांत वाटावं म्हणून मी ती पुसली असती ना, तर एका आठवड्यात कंटाळलो असतो.”

मी हे लिहून घेतलं. माझ्या सगळ्या यादीत असा एकही शब्द नव्हता, ज्याच्यामागे काहीतरी नीट दिसावं ही गरज असेल.

वाद इथे संपला असता. पण मामांना आता रंग चढला होता आणि बोलता बोलता ते जांबेला गेले. इकडच्या माणसाला शेवटी जांबेला जावंच लागतं. 1608 साली समर्थ रामदास तिथे जन्मले, आणि माणसानं पहाटेपासून दिवस कसा घालवावा याची शिकवण त्यांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात घालून दिली आहे. पहाटे उठणं, पाठांतर, कामधंदा, लोकांशी नीट बोलणं, एकही क्षण वाया न जाऊ देणं.

“बघ,” मामा म्हणाले. “एकही क्षण. आणि तू सांगतेस दहा मिनिटं काही करू नका.”

“पण ती शिकवण ज्यानं सांगितली त्याच्यामागे पाळी नव्हती, संसार नव्हता. तो तर मांडवातून निघून गेला.”

ती गोष्ट महाराष्ट्रात पोराटोरांना माहीत आहे. लग्न लागताना ‘सावधान’ हा शब्द कानावर पडला आणि मुलगा सावध होऊन पळाला. दंतकथा म्हणा. पण मला वाटतं, ज्याला हल्ली लोक सजगपणे जगणं वगैरे जड शब्दांत सांगतात, त्याला मराठीत हाच शब्द आहे, आणि आपण तो प्रत्येक लग्नात, अक्षता हातात घेऊन, जेवणावळीकडे लक्ष ठेवत ऐकतो. अवधान असलेला तो सावधान. पॅनवर चार तास काचेकडे पाहणारा माणूस मला त्या शब्दाच्या जास्त जवळचा वाटतो. मी हे मामांना म्हणाले तेव्हा ते खूश झाले.

आतून मामींचा आवाज आला, “मुलगा पळाला. त्या मुलीचं पुढं काय झालं, ते कुणी लिहिलंय का?”

मामा म्हणाले, “हिला सगळं ऐकू जातं.”

मामी या वेळी परात ठेवून बाहेर आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. “तुमचं दोघांचं झालं असेल तर मी सांगते. सकाळी शेताकडं गेले होते. आपल्या शेजारच्या फडात तोड चालू आहे. कोप्या पडल्यात रस्त्याला. एक बाई आहे, तुझ्यापेक्षा लहान. ती तीनला उठते. भाकरी करते, लेकराला झोळीत घालते, अंधारात फडावर जाते. नवरा तोडतो, ही मोळ्या बांधते, डोक्यावर गाडीपर्यंत नेते. दोघं मिळून एक कोयता धरतात, माहीत आहे ना? दोन माणसं आणि हिशेबात एक कोयता. रात्री गाडी खाली झाली की परत. तिला जाऊन वाच ही यादी.”

“मामी, मी तिच्यासाठी नाही लिहीत—”

“हां, मग तसं लिही. वर लिही, हा लेख कुणासाठी नाही ते.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “तिला शांतता नको आहे. झोप पाहिजे. दोन्हीत फरक आहे.”

मामांनी मान हलवली. “म्हणूनच मी म्हणतो, सवयी बिवयी—”

“तुम्ही राहू द्या,” मामी म्हणाल्या. “तुम्ही रिटायर झालात तेव्हाचं सांगू का हिला?”

मामा सोलाण्याची टरफलं गोळा करायला लागले.

मामींनी सांगितलं ते असं. काम सुटलं, पाळ्या सुटल्या, आणि ज्या दिवसाबद्दल 34 वर्षं तक्रार होती तो पूर्णच्या पूर्ण मामांच्या हातात आला. पुढचे सहा महिने ते पहाटे साडेतीनला उठून कपडे करून ओट्यावर बसत. कुठे जायचं नसे. चार वाजून गेले की कपडे बदलून परत आत. जेवायची वेळ कळेना, झोप कधी घ्यायची ते कळेना, लहानसहान गोष्टींवरून चिडत. “दिवस ह्यांचा झाला, आणि ह्यांना तो सापडेना,” मामी म्हणाल्या.

दिवस दुसऱ्याच्या हातात असेल तर सवयींना जागा नाही, असं मामा दुपारभर सांगत होते. दिवस स्वतःच्या हातात आल्यावर सवयीवाचून ते कसे हेलपाटले, हे मामींनी चार वाक्यांत सांगितलं. मी जिंकले, असं मला वाटायला हवं होतं. पण मामा खाली बघत एकेक टरफल उचलत होते, आणि ते टरफलं इतकी नीट कधीच गोळा करत नाहीत.

“मग बरं कशानं झालं?” मी विचारलं.

“ऊस लावला,” मामी म्हणाल्या. “दोन एकर. पाण्याची पाळी आली. लाइट रात्रीची. पुन्हा झोपेचं खोबरं. मग ठीक झाले.”

आम्ही तिघंही हसलो. या वेळी हसायला हरकत नव्हती.

संध्याकाळी यादीतल्या पहिल्या कलमावर एक तडजोड झाली, ती नोंदवण्यासारखी आहे. मोबाईल उशाशी ठेवू नये, हे मामांना तत्त्वतः मान्य. पण त्यांना तो ठेवावाच लागतो. विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवला आहे. शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची. ती आली की स्टार्टर मामांना फोन करतो, मग मामा इथूनच मोटर चालू करतात किंवा बारं द्यायचं असेल तर शेतात जातात. मोबाईल बंद करून शांत झोपा, हा सल्ला ज्याला विजेची वाट पाहावी लागत नाही त्याचा सल्ला आहे. पण त्या एका फोनच्या पाठीवर बसून रात्रभर आणखी काय काय येतं! भावकीचा ग्रुप, जुन्या कामगारांचा ग्रुप, सुप्रभाताची फुलं (ती रात्री दोनलाच येतात, का कोण जाणे), आणि कुणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस. मामा स्टार्टरच्या फोनसाठी मोबाईल उचलत आणि पाऊण तासानं ठेवत.

मी त्यांच्या मोबाईलमध्ये एवढंच केलं: रात्री दहानंतर फक्त त्या एका नंबराची रिंग वाजेल, बाकी सगळं मुकं. आणि मोबाईल उशाशी न ठेवता ओसरीच्या कोनाड्यात. रिंग तिथून ऐकू येते. पण झोपेत हात पोचत नाही. यात मामांना काही करायचं नव्हतं, लक्षात ठेवायचं नव्हतं.

“ही सवय नाही,” मामा म्हणाले. “हे सेटिंग आहे.”

“चालेल.”

“म्हणजे खोटा दाणा धुतला,” ते थोड्या वेळानं म्हणाले, आणि मला वाटतं ही कबुली होती. मामा याहून स्पष्ट कबुली देत नाहीत.

रिंग वाजली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मीही उठले. मामांनी मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली, चपला सोडून गमबूट घातले. दूर कारखान्याचे दिवे आणि वर पांढरी वाफ. शेतात मोटर चालू झाली, पाटातून पाणी आलं, मामांनी फावड्यानं बारं फोडून पहिल्या सरीत सोडलं. मग आम्ही दोघं सरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिलो. अंधारात पाणी दिसत नाही, ते येताना ऐकू येतं. कोरडी माती पाणी पिते तेव्हा एक बारीक आवाज होतो. सरी भरायला किती वेळ लागला, मी पाहिलं नाही. मोबाईल मामांच्या खिशात होता आणि त्यांनी तो काढला नाही. ते फावड्यावर हनुवटी टेकवून उभे होते.

“मामा, हे बघा. दिवसातून एकदा, काहीही न करता...”

“गप,” ते म्हणाले. “पाणी ऐक. पुढच्या सरीत फुटलं तर कळायला पाहिजे.”

थोड्या वेळानं त्यांनी मला घरी जायला सांगितलं, थंडी होती. मी बॅटरी घेऊन परसाच्या बाजूनं आले आणि थबकले. मागच्या दाराच्या पायरीवर मामी बसल्या होत्या. शाल पांघरलेली, हातात लहानसा कप, आत अर्धा चहा. दिवा लावलेला नव्हता. त्या कशाकडे बघत होत्या असं म्हणता येणार नाही. परसात लिंबाचं झाड आहे आणि पाण्याची टाकी, बस्स. मला पाहून त्या दचकल्या. एखाद्या मुलीला आरशासमोर पकडावं तशा.

“झोप नाही आली?” मी विचारलं.

“येते की. हे माझं रोजचं आहे.”

“रोज?”

“लग्न झालं तेव्हापासून. तेव्हा सासूबाई होत्या, दीर होते, घरात अकरा माणसं. सगळी झोपलेली असतात अशी एक वेळ असतेच. अर्धा कप करायचा आणि इथं बसायचं. ह्यांची पाळी बदलली की मीही वेळ बदलायचे. ह्यांना माहीत नाही.”

“पन्नास वर्षांत मामांना माहीत नाही?”

“सांगितलं असतं तर कुणीतरी काम काढलं असतं. उठलीच आहेस तर दूध बघ, उठलीच आहेस तर पाणी दे.” त्यांनी पायरीवर बाजूला सरकून मला जागा केली. “बस. पण बोलू नकोस.”

मी बसले. चहा संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मग त्यांनी कप पदराला पुसला, आणि मी न राहवून विचारलंच, की हे लेखात लिहू का.

मामी जरा विचारात पडल्या.

“लिही,” त्या म्हणाल्या. “पण कितीला बसते ते लिहू नकोस.”